सनद न सोडता कायद्यावर लिहिता येतं का?

नागपूर जिल्हा न्यायालयात तीन वर्षांपासून ज्युनिअर म्हणून काम करणाऱ्या एका वकील भगिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात तो असा: "मला लिहायची आवड आहे. एका मराठी दैनिकाने कोर्टाच्या बातम्या आणि कायद्यावरचं साप्ताहिक सदर यासाठी नोकरी देऊ केली आहे. सनद (वकिलीचा परवाना) ठेवून हे करता येईल का? वकिली सोडून फक्त कायद्यावर लिहिण्यात करिअर होऊ शकतं का? आणि सुरुवात कशी करावी?"

मी १९९७ मध्ये सनद घेतली आणि २००३ पासून वर्तमानपत्रांत लिहिते आहे. दोन्ही अजून सुरू आहे. म्हणून आधी सरळ उत्तर देते: सदर घ्या, नोकरी घेऊ नका. नोकरीच हवी असेल तर सनद स्थगित करून घ्या. दोन्ही एका वेळी करता येणार नाही.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांच्या वर्तणुकीचे नियम केले आहेत. त्यातला ४९ वा नियम सांगतो की वकिली करत असताना कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. अशी नोकरी धरली तर ज्या राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव आहे तिथे कळवायचं, आणि नोकरी असेपर्यंत वकिली बंद ठेवायची. तुमच्या-माझ्या बाबतीत ते म्हणजे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. मात्र ५१ वा नियम दार उघडं ठेवतो. विधेयकांचं परीक्षण करणं, कायद्याची पाठ्यपुस्तकं संपादित करणं, वर्तमानपत्रांचा मजकूर छपाईपूर्वी कायद्याच्या नजरेने तपासून देणं, शिकवणं, प्रश्नपत्रिका काढणं, भाषणं देणं, आकाशवाणीवर बोलणं आणि पत्रकारितासुद्धा वकिलाला करता येते. अट एवढीच की ती पूर्णवेळ नोकरी नसावी आणि त्यातून स्वतःची जाहिरात होऊ नये. २०२४ च्या डिसेंबरात एका वकील-पत्रकाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. तेव्हाही वकिलाला पूर्णवेळ पत्रकारिता करता येत नाही, अशीच भूमिका बार कौन्सिलने मांडली.

एक खबरदारी घ्या. नेमणुकीच्या पत्रावर 'सल्लागार' किंवा 'मानधन तत्त्वावर' असं लिहून देतात. पण रोज ठरलेल्या वेळी हजेरी, सुट्टीसाठी अर्ज, दर महिन्याला ठरावीक रक्कम असं असेल तर ती नोकरीच आहे. पत्रावरच्या नावाने काही बदलत नाही.

आता जाहिरातीची अट. ती नियमाच्या भाषेत सांगितली तर तुम्ही मान हलवाल आणि विसराल, म्हणून माझी चूक सांगते.

२००३ साल होतं. गोसीखुर्द प्रकल्पात जमीन गेलेले कुही तालुक्यातले एक म्हातारे शेतकरी माझे पक्षकार होते. जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवलेला मोबदला कमी वाटला म्हणून तेव्हाच्या भूसंपादन कायदा, १८९४ च्या कलम १८ खाली आम्ही रेफरन्स, म्हणजे मोबदला कोर्टाकडून ठरवून मिळावा असा अर्ज, केला होता. निकाल लागला, नक्कल हातात आली. न्यायमंदिराच्या व्हरांड्यात बाकावर बसून त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, हे 'अंशतः मंजूर' म्हंजे का? अर्धी केस हारलो का मी?"

ते हरले नव्हते, चांगले जिंकले होते. मागितलेल्या दरापेक्षा कोर्टाने दर थोडा कमी धरला, एवढाच त्या 'अंशतः'चा अर्थ. मी वकीलपत्राच्या कोऱ्या फॉर्मच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. वाढलेली किंमत दहा हजार धरली तर त्यावर ३० टक्के सोलेशियम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची भरपाई), म्हणजे तीन हजार. अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, यातलं जे आधी असेल तोपर्यंत १२ टक्के दराने जादा रक्कम. आणि वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिल्या वर्षाला ९ टक्के, त्यानंतर १५ टक्के व्याज. बोलता बोलता आजूबाजूच्या बाकांवरची माणसं सरकून जवळ आली. त्यातल्या एकाने विचारलं, माझी जमीन त्याच अधिसूचनेत गेली, पण मी रेफरन्स केलाच नव्हता, मग मला काही नाही का? त्याला मी कलम २८-अ सांगितलं. एकाला कोर्टाकडून वाढ मिळाली तर त्याच अधिसूचनेतले बाकीचेही, त्यांनी कधी रेफरन्स केला नसला तरी, कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकत होते. त्या माणसाचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तीन महिन्यांतला जवळपास दीड महिना उलटून गेला होता आणि त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

आमचा मुन्शी, म्हणजे चेंबरचा कारकून, बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, हेच पेपरात लिहून द्या ना."

त्या रात्री बसून मी सहाशे शब्द लिहिले आणि रविवारच्या पुरवणीत ते छापून आले. खाली चौकटीत होतं: 'लेखिका या प्रकरणात शेतकऱ्यांच्या वकील होत्या.' ती ओळ मीच लिहून दिली होती. आपण ही केस लढवली हे वाचकाला कळलं तर त्याचा विश्वास बसेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. सोमवारी बार रूमच्या दारात त्याच गावचे सात जण हातात कात्रण घेऊन उभे राहिले. सगळ्यांना मलाच वकीलपत्र द्यायचं होतं.

मला आनंद झाला होता. संध्याकाळी माझ्या सिनियरांनी बोलावलं आणि नियमांची पुस्तिका माझ्यापुढे उघडून ठेवली. ३६ वा नियम. वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष काम मागू नये, जाहिरात करू नये. ज्या प्रकरणात आपण वकील आहोत त्याबद्दल वर्तमानपत्रांना मजकूर पुरवू नये, तसा मजकूर छापवून आणू नये, त्यासोबत फोटो छापू देऊ नये. माझा लेख या नियमात शब्दशः बसत होता. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं: चौकटीतली ती ओळ काढली असती, प्रकरणाचं नाव काढलं असतं, तर शेतकऱ्याला मिळालेल्या माहितीत काय कमी झालं असतं? काहीच कमी झालं नसतं. सातही जणांना मी दुसऱ्या दोन वकिलांकडे पाठवलं. त्यांचे अर्ज मुदतीत दाखल झाले.

तेव्हापासून, आज सांगितलेला हा प्रसंग सोडला तर, स्वतःच्या किंवा आमच्या चेंबरमधल्या प्रकरणावर मी एक ओळही लिहिलेली नाही, प्रकरण संपल्यावरसुद्धा नाही. त्याला दुसरंही कारण आहे. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने उघड करायची नाही, हे बंधन पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. वकीलपत्र संपलं म्हणून ते बंधन संपत नाही. पुष्कळ जण 'नाव बदलून' लिहितात. नाव बदलल्याने काही होत नाही. कुहीतल्या माणसाने तो मजकूर वाचला आणि 'हा तर आपला अमुक' असं त्याला ओळखू आलं, तर गुपित फुटलंच. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढं देण्याची मुभा वकिलांना आहे. पण 'आज माझ्या पक्षकाराला जामीन मिळवून दिला' अशा पोस्ट आपल्या बारमधली तरुण मंडळी टाकतात. त्या ३६ व्या नियमातच येतात, आणि ते पाहून मला मनापासून काळजी वाटते.

मग लिहायचं कशावर? दुसऱ्यांच्या निकालांवर. आणि ते शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचून. या कामात माझं खरं सांगणं एवढंच आहे, बाकी सगळं त्यातून येतं.

जानेवारी २०२१ आठवा. आपल्याच नागपूर खंडपीठाचा १९ जानेवारीचा निकाल. बारा वर्षांच्या मुलीच्या छातीला कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम ७ मधला 'लैंगिक हल्ला' होतो का, हा प्रश्न होता. त्वचेचा त्वचेला स्पर्श नाही म्हणून तो होत नाही, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. देशभर संताप उसळला आणि तो रास्तच होता. पण चार-पाच दिवस मला जे फोन येत होते त्यात सगळे एकच सांगत होते: "आरोपी सुटला." आरोपी सुटला नव्हता. पोक्सोच्या कलम ८ मधून त्याला सोडलं होतं, पण भारतीय दंड संहितेतल्या विनयभंगाच्या कलम ३५४ खालची शिक्षा कायम होती. फरक शिक्षेत पडला होता: कलम ८ ला किमान तीन वर्षं, आणि इथे एक वर्ष.

मी निकाल छापून घेतला आणि बर्डीहून घरी जाताना रिक्षातच वाचायला घेतला. रात्री कलम ७ चे शब्द समोर ठेवून पुन्हा वाचला. कलमात 'स्पर्श' असं म्हटलं आहे, आणि पुढे 'लैंगिक हेतूने केलेली, शारीरिक संपर्क असलेली इतर कोणतीही कृती' असं म्हटलं आहे. त्वचा हा शब्द त्यात कुठेच नाही. कायद्यात नसलेली अट वाचली गेली, हा टीकेचा मुद्दा मला तिथे सापडला. 'आरोपी सुटला' असं लिहिलं असतं तर पहिल्याच ओळीत मी खोटी ठरले असते, आणि पुढची खरी टीकाही त्याबरोबर गेली असती. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द केला. लैंगिक हेतू महत्त्वाचा, त्वचेला त्वचा लागली की नाही हे नाही, असं सांगून कलम ८ खालची तीन वर्षांची शिक्षा दिली.

माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून शिक्षा झालेल्या दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. साईबाबा यांच्या प्रकरणातही असंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने शिक्षा रद्द केली ती खटला चालवायला लागणाऱ्या सरकारी मंजुरीतल्या त्रुटीवरून. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी बसून, सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित केलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये प्रकरण नव्याने ऐकायला परत पाठवलं. ५ मार्च २०२४ ला खंडपीठाने पुन्हा सोडलं, या वेळी पुरावाही तपासून. दोन्ही वेळा मथळ्यात 'निर्दोष' हाच शब्द होता. पहिल्या वेळी पुराव्यावर निर्णय झालेलाच नव्हता, हे वाचकाला सांगणं आपलं काम होतं.

सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी बोलतात तो आदेश नसतो. ते छापण्यापासून माध्यमांना रोखता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये निवडणूक आयोगाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेव्हा जरूर लिहा, पण 'न्यायालयाने विचारलं' आणि 'न्यायालयाने आदेश दिला' यांची गल्लत होऊ देऊ नका. चुकीच्या कायदेवार्तांपैकी अर्ध्या या एका ठिकाणी तयार होतात.

भाषेबद्दल मला बरंच सांगायचं आहे. उच्च न्यायालयाची भाषा अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजी आहे, खालच्या कोर्टांची मराठी. पण खालच्या कोर्टातली मराठीही पक्षकाराची मराठी नसते. 'दोषमुक्त' हा शब्दच घ्या. वर्तमानपत्रांत तो डिस्चार्जसाठीही येतो आणि खटला चालून निर्दोष सुटण्यासाठीही. वाचकाला काय कळणार? मी 'खटला सुरू होण्याआधीच आरोपांतून वगळलं' किंवा 'साक्षीपुरावे होऊन निर्दोष सोडलं' असं लिहिते. चार शब्द जास्त गेले तरी चालतील. तसंच 'स्थगिती' आणि 'जैसे थे'. स्थगिती मिळाली म्हणजे त्या आदेशाची अंमलबजावणी थांबली. जैसे थे म्हणजे आज जो जिथे आहे त्याने तिथेच राहायचं, दोन्ही बाजूंनी. शेताच्या वादात हा फरक कळला नाही म्हणून धुऱ्यावर मारामाऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. जामीन मिळाला की 'सुटका' लिहू नका. आणि आपल्याकडे 'पेशी' म्हणतात तर पेशीच लिहा. पुणे-मुंबईच्या संपादकाने माझ्या लेखात एकदा सगळीकडे 'सुनावणी' केलं होतं. मी फोन करून ते परत 'पेशी' करून घेतलं, कारण तो लेख काटोल-उमरेडच्या माणसासाठी होता.

अडलं तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा, पण त्यातला शब्द उचलून तसाच वाक्यात बसवू नका. आणि न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे निकाल वाचा. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. खुनाचं कलम समजावणारा विरसासिंग प्रकरणातला १९५८ चा त्यांचा निकाल बघा. भाल्याचा एकच वार आणि त्यावरून हेतू कसा ठरवायचा, हे त्यांनी इतक्या साध्या इंग्रजीत सांगितलं आहे की अनुवाद करायला बसलात तर मराठी आपोआप सरळ येते. मी ज्युनिअर मुलामुलींना तोच परिच्छेद देते.

न्यायालयाच्या अवमानाची भीती सगळ्यांना वाटते. १९७१ चा कायदा एकदा शांतपणे वाचा. कामकाजाचं प्रामाणिक, अचूक वृत्त कलम ४ ने सुरक्षित आहे, अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरची रास्त टीका कलम ५ ने. निकालावर टीका करा, न्यायाधीशाच्या मनातला हेतू शोधत बसू नका. त्याहून जास्त जपायचं ते पीडितेची ओळख. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३. गावाचं नाव, शाळेचं नाव, 'पीडितेच्या सावत्र वडिलांनी' एवढंही कधी कधी ओळख पटवायला पुरतं. इथे मी एकदाही सवलत घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

करिअरचं म्हणाल तर, माझ्या पहिल्या लेखाचे अडीचशे रुपये आले होते. लिहिण्यातून आजवर जे मिळालं त्यात चेंबरचं भाडंही निघालं नसतं. पोट वकिलीवर चाललं. पूर्णवेळ कायदा-पत्रकार होणं हे सन्मानाचं काम आहे आणि त्याला सनद लागत नाही. पण मराठी दैनिकांत कोर्टाची बातमीदारी बहुतेक ठिकाणी गुन्हेवार्तेसोबत एकाच माणसाकडे असते, आणि स्वतंत्र कायदा-प्रतिनिधीच्या जागा थोड्या आहेत. तीन वर्षांच्या उमेदवारीनंतर तुमचा हात आत्ता कुठे बसायला लागला असेल. उलटतपासणी स्वतः घेतल्याशिवाय साक्षीदार का फिरला हे लिहिता येत नाही, निदान मला तरी आलं नसतं. पाच-सात वर्षं अजून कोर्टात काढा. पैशाची गरज असेल तर दैनिकाला मजकूर तपासून देण्याचं काम मागा. न्याय संहितेतलं बदनामीचं कलम ३५६ आणि त्याचे अपवाद पाठ होतील, दर बातमीमागे पैसे मिळतील, आणि ५१ व्या नियमात ते चोख बसतं.

आता पुढचा आठवडा. आधी तुमच्या सिनियरांना सांगा. त्यांच्या पक्षकारांचा विश्वास तुमच्याही हातात आहे. मग संपादकांना भेटा. नोकरी नको, पंधरवड्याला एक सदर द्या म्हणा. निकालाच्या दिवशीच मजकूर मागायचा नाही, मथळा मला दाखवूनच लावायचा, आणि लेखाखाली माझा मोबाईल नंबर किंवा चेंबरचा पत्ता छापायचा नाही, एवढं पहिल्याच भेटीत मान्य करून घ्या.

पहिला लेख चेक बाउन्सवर लिहा. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकच्या कायद्याच्या) कलम १३८ चे दिवस लोक हमखास चुकवतात: बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते उलटल्यावर एक महिन्यात तक्रार. लिहून झालं की मजकूर तुमच्या मुन्शीला आणि त्या दिवशी पेशीला आलेल्या एखाद्या पक्षकाराला वाचून दाखवा. जिथे त्यांनी "म्हंजे?" असं विचारलं तिथे पेन्सिलने खूण करा, आणि तेवढीच वाक्यं घरी येऊन पुन्हा लिहा.